अख्खा जिराफ दिसेल अशी सीट

मे महिन्याच्या भर दुपारी नाशिकच्या मेन रोडवर लोकरीच्या कानटोप्या मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याच्या मागे पिशवी धरून मीच उभा होतो. दुकानदार पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घेत बसला होता.

"काका, मे चाललाय. छत्री दाखवू का?"

"छत्री नको. कान पूर्ण झाकणारी टोपी पाहिजे. आफ्रिकेला जायचंय."

"आफ्रिकेला? मग उन्हाची टोपी घ्या की!"

झालं. साहेबांनी काउंटरवरचा लोकरीचा गुंडा उचलला आणि त्याच्या पोटावरून बोटाने एक आडवी रेघ ओढली. "हे बघा, ही मधली रेघ. आपण रेघेच्या वर, ते रेघेच्या खाली. आपल्याकडे पावसाळा लागतो तेव्हा तिकडे हिवाळा. पहाटे उघड्या जीपमध्ये बसायचं. कानाला वारा झोंबायला लागला की माणूस प्राण्याकडे बघत नाही, नुसता कान धरून बसतो."

दुकानदाराने वारा घेणं थांबवलं. "म्हणजे आता जूनमध्ये तिकडं थंडी?"

"कडक."

"मग मी हा गोडाऊनमधला माल इथं का ठेवलाय?"

त्या दिवशी आम्ही चार टोप्या घेतल्या. एक साहेबांची, एक काकूंची, एक स्पेअर आणि एक माझी. मी आफ्रिकेला जाणार नव्हतो. पण सहलीच्या तालमीला मी लागणारच होतो, आणि साहेबांच्या मते तालीम खऱ्यासारखीच व्हायला हवी होती.

साहेब म्हणजे अंबडच्या ज्या कारखान्यात मी पहिल्यांदा नोकरीला लागलो, तिथल्या इन्स्पेक्शन विभागाचे प्रमुख. तिथे गाड्यांना लागणाऱ्या लोखंडी पिना बनायच्या, आणि तयार झालेली प्रत्येक पिन साहेबांच्या नजरेखालून जायची. केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरकासाठी ते अख्खी पेटी परत पाठवत. कामगारांनी त्यांचं नाव 'मायक्रॉन' ठेवलं होतं. ते मशीनच्या शेडमध्ये शिरले की एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर निरोप जायचा, "मायक्रॉन आला रे!" साहेबांना हे नाव माहीत होतं. ते त्यांना बरंच आवडतही असावं, कारण तेच एकदा मला म्हणाले होते, "किलोमीटर म्हणत नाहीत हे नशीब."

ते माझे घरमालकही होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील सटाण्याच्या कांदा मार्केटात गोण्या उचलायचे. मी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन अंबडला आलो तेव्हा माझ्याकडे एक बॅग, एक गादी आणि खूप भीती एवढंच सामान होतं. साहेबांच्या घराच्या गच्चीवर एक खोली रिकामी होती. खोली देण्याआधी त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, "नळ नीट बंद करतोस का?" दुसरा, "पासपोर्ट आहे का?"

पहिल्याला मी हो म्हणालो. दुसऱ्याला म्हणालो, "साहेब, मला कुठं जायचंय?"

"कुठं ते नंतर. आधी भिंतीला दार करून ठेवावं. बाहेर काय आहे ते दार झाल्यावर बघता येतं."

पुढच्या रविवारी त्यांनी मला शेजारी बसवून फॉर्म भरून घेतला. त्यानंतर जे झालं ते आमच्या गावात अजून सांगतात. चौकशीला पोलीस आमच्या गावच्या घरी गेला, आणि अर्ध्या तासात वडिलांचा फोन आला. "भाऊ, पोलीस घर उना व्हता. काय करं तू नाशिकमा?"

मी समजावत होतो, पण वडिलांना पटत नव्हतं. साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "नमस्कार. काळजी करू नका. तुमच्या मुलानं अजून काहीच केलेलं नाही. पुढे मोठं काहीतरी करील, त्याची ही तयारी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने वडील नाशिकला हजर.

माप घ्यायला साहेबांनी मला शिकवलं. कॉलेजात मी पेपर लिहायला शिकलो होतो, माप घ्यायला नाही. पहिल्या आठवड्यात मी आकडे जरा गोल करून लिहिले. पिन मापाच्या बाहेर होती, पण इतकी थोडी की मला वाटलं, उगाच कशाला. साहेबांनी तो कागद पाहिला आणि रागावले नाहीत. तीच पिन माझ्या हातात देऊन म्हणाले, "पुन्हा मोज." मी मोजली. "पुन्हा." दुपारपर्यंत मी ती एकच पिन मोजत होतो. जेवणाच्या सुट्टीत माझ्यापुढे डबा सरकवत ते म्हणाले, "दिसलं ते लिहायचं. आवडलं ते नाही. हात घाबरला की माप घाबरतं."

त्यांच्या खिशात स्टीलची छोटी पट्टी कायम असायची. लग्नाच्या पंगतीत ते दोन खुर्च्यांमधलं अंतर मोजत. कारखान्यात नापास मालाला लाल चिठ्ठी लावतात. साहेब त्या चिठ्ठ्या घरी घेऊन येत. बाथरूमच्या नळाला लाल चिठ्ठी, डुगडुगणाऱ्या स्टुलाला लाल चिठ्ठी. एकदा दिवाळीच्या करंज्यांच्या डब्यावरही मी ती पाहिली. शेजारी काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'खाणाऱ्याने तक्रार करू नये.'

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. सिन्नरकडच्या. अंबडजवळच्या एका वस्तीत त्यांनी आयुष्यभर अंगणवाडी चालवली. साहेब हळू आणि पूर्ण वाक्यात बोलत. काकू भरभर बोलत आणि मध्येच हसत. आफ्रिका हा मुळात साहेबांचा विषयच नव्हता. तो काकूंचा होता, आणि तो एका भिंतीमुळे सुरू झाला.

अंगणवाडीची नवी खोली झाली तेव्हा भिंतीवर चित्रं काढायला आलेला पेंटर वाघ आणि मोर काढून गायब झाला. उरलेल्या रंगात काकूंनी स्वतः जिराफ काढायला घेतला. पाय काढले, पोट काढलं, ठिपके काढले. मान काढत गेल्या आणि मध्येच छत आलं. मग त्यांनी मान तिथून काटकोनात वळवली आणि डोकं खिडकीपाशी नेऊन ठेवलं.

"अरे, किती पोरं गेली माझ्या हाताखालून," काकू मला पोळी वाढताना सांगत. "सगळ्यांना मी मोडक्या मानेचा जिराफ शिकवला. एक पोरगी तर म्हणायची, बाई, ह्याला लकवा झालाय का? मला लय लाज वाटायची. मी तरी कुठं पाह्यला होता? रिटायर झाले तेव्हाच ठरवलं, एकदा खराखुरा बघायचा. खुरापासून शिंगापर्यंत अख्खा. मोकळा हिंडणारा. पिंजऱ्यातला नाय."

साहेबांनी हे ऐकलं आणि कामाला लागले. आणि त्याच सुमारास काकूंना काचबिंदू निघाला.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की आहे ती नजर सांभाळू, पण गेलेली परत येणार नाही. समोरचं दिसत राहील, कडेकडेचं दिसणं हळूहळू कमी होत जाईल. काकूंनी त्याचं वर्णन एका वाक्यात केलं होतं, "फुंकणीतून जग बघतेय." डाव्या बाजूचं जास्त गेलं होतं. मी डावीकडून चहाचा कप पुढे केला की त्या दचकत आणि मग स्वतःच हसत, "भुतासारखा कुठून उगवतोस रे?"

म्हणजे जायचं तर लवकर जायला हवं होतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. साहेबांना तर सगळ्यात जास्त. आणि नेमकं म्हणूनच त्यांच्या हातून ते होईना.

त्यांनी प्लॅन आखला तो कारखान्यातल्या ड्रॉइंगसारखा. मोठा कागद, चौकटी, कोपऱ्यात सही आणि रिव्हिजन नंबर. जेवणाच्या टेबलासमोर तो टांगलेला असायचा. मुंबईहून जोहान्सबर्ग, तिथून क्रुगरचं जंगल, मग बोट्स्वानात चोबे नदी. कोणत्या विमानाने गेलं तर पिवळ्या तापाची लस लागते आणि कोणत्याने नाही. मलेरियाची गोळी कधी सुरू करायची. छोट्या विमानात कडक बॅग चालत नाही, म्हणून मऊ बॅग. निळे आणि काळे कपडे नकोत, तिकडची एक माशी त्या रंगांवर येते. काकूंच्या दशम्या किती दिवस टिकतात याची चाचणीही झाली. सातव्या दिवशीची दशमी मला खायला दिली गेली.

आमच्या कारखान्यात कुठलाही माल करायला घेण्याआधी पहिला एक नग बनवतात आणि तो तपासून पास करतात. मगच मशीन चालू करतात. साहेबांनी सहलीचाही 'पहिला नग' काढायचं ठरवलं. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला लोक जातात. तिथे आम्ही पहाटे उघड्या जीपमधून गेलो. तिघांच्या अंगावर खाकी कपडे, डोक्याला कानटोप्या, गळ्यात दुर्बिणी, साहेबांच्या हातात तपासणीचा कागद. बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद. बंधाऱ्याजवळ एक शेतकरी बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला आणि शेवटी जवळ आला.

"सायेब, रस्ता रुंद करताय का?"

साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"नाय, कराच तुम्ही. पण आमची हीर तेवढी सोडा."

काकू तोंडात खाकी पदर कोंबून हसायला लागल्या. सगळे बगळे उडाले. साहेबांनी कागदावर लिहिलं, 'शांतता – नापास.'

खरी अडचण उभी राहिली ती सीटची. सफारीच्या उघड्या गाडीत पायऱ्यांसारख्या तीन रांगा असतात. काकूंची डावी बाजू कमी. त्या डाव्या टोकाला बसल्या तर डावीकडचं त्यांना दिसणार नाही. मध्ये बसल्या तर दोन्हीकडून माणसं आड येणार. साहेबांनी हिशेब करून ठरवलं की पहिल्या रांगेतली उजव्या टोकाची सीट हीच एकमेव बरोबर सीट. मग आम्ही कॉलेज रोडवरच्या एका टूर कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलीने पाणी दिलं, पुस्तिका दिली, आणि साहेबांनी विचारलं, "पहिल्या रांगेतली उजवी सीट पाचही दिवस मिळेल, असं लिहून द्याल का?"

"काका, आम्ही रोज सीट फिरवतो. म्हणजे सगळ्यांना समान संधी मिळते."

"समान संधी ठीक आहे. डोळे समान आहेत का?"

मुलगी गोंधळली. तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर नम्रपणे म्हणाला की ग्रुपमध्ये भांडणं होतात, म्हणून नियम. साहेबांनाही ते पटलं, कारण नियम तोडा असं दुसऱ्याला सांगणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. घरी येऊन त्यांनी प्लॅनला लाल चिठ्ठी लावली. मग दुसरी कंपनी, तिसरी कंपनी. प्रत्येक ठिकाणी सीट फिरायची. रिव्हिजन सात, आठ, नऊ. एक हिवाळा गेला, म्हणजे तिकडचा. मग दुसराही गेला.

मधल्या काळात साहेब निवृत्त झाले. आता त्यांच्या तपासणीला दिवसभर मोकळा वेळ होता. त्यांनी सिन्नरच्या एका भंगारवाल्याकडून जीपची जुनी सीट आणली आणि गच्चीवर फळ्यांच्या पायऱ्या करून तीन रांगांची गाडी उभी केली. दर दोन-तीन महिन्यांनी तिथे काकूंच्या नजरेचं माप व्हायचं. काकूंनी सीटवर बसून समोर पाण्याच्या टाकीवरच्या खुणेकडे बघायचं. मी काठीला पांढरा रंगवलेला डब्याचा पत्रा बांधून त्यांच्या मागून निघायचो आणि खडूने आखलेल्या अर्ध्या गोलावरून हळूहळू पुढे यायचो. पत्रा दिसला की त्यांनी "दिसलं!" म्हणायचं. तिथे साहेब खडूची खूण करायचे. आधी डावीकडून, मग उजवीकडून.

आश्चर्य म्हणजे खुणा जागच्या जागी राहत. साहेब खूश असत. "नजर स्थिर आहे. अजून वेळ आहे. घाईघाईत चुकीच्या सीटवर कशाला जायचं?" काकू पदराने कपाळ पुसत आणि खाली चहा टाकायला जात.

एका रविवारी सकाळी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी अनवाणीच काठी घेऊन निघालो. नेहमीची खूण आली. काकू गप्प. मी एक पाऊल टाकलं. गप्प. आणखी दोन पावलं. मी जवळजवळ त्यांच्या पुढ्यात पोचलो तेव्हा त्या दचकून म्हणाल्या, "दिसलं, दिसलं!"

साहेबांना वाटलं, त्यांचं लक्ष नव्हतं. "पुन्हा घेऊ."

मी खोलीत जाऊन दुसऱ्या चपला घातल्या. फट, फट, फट. बरोबर जुन्या खुणेवर काकू म्हणाल्या, "दिसलं!"

काकू पत्रा बघत नव्हत्या. माझ्या चपला ऐकत होत्या. कितव्या फटीला खूण येते ते त्यांनी मोजून ठेवलं होतं.

साहेब खडू घेऊन वाकले होते. मी काही बोललो नसतो तर खूण तिथेच झाली असती आणि सगळं नेहमीसारखं चालू राहिलं असतं. ज्या घरात मी पोटभर जेवलो, ज्या काकूंनी मला तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या, त्यांची लबाडी मी उघडी पाडणार होतो. आणि खरं माप कळलं की साहेब प्लॅन कायमचा गुंडाळून ठेवतील, अशी मला भीती वाटत होती. पण गप्प राहिलो असतो तर खोटं माप लिहिलं गेलं असतं, तेही माझ्या पावलांनी घेतलेलं.

"साहेब," मी म्हणालो, "ही खूण करू नका. मघाची, अनवाणी घेतलेली बरोबर होती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे, मग काकूंकडे. त्यांना समजायला फार वेळ लागला नाही.

काकू हसल्या. "पकडलं बाई मला! अरे, आणखी चार महिने तरी चप्पल टिकवायची होतीस."

"कधीपासून?" साहेबांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

"का?"

"का म्हंजे? मी नापास झाले की तुम्ही सगळंच नापास करणार. म्हणून पास होत गेले. तर तुम्ही म्हणता, अजून वेळ आहे! म्हंजे नापास झाले तरी जायचं नाय, आन पास झाले तरी जायचं नाय. मग करू तरी काय मी?"

साहेब तिथल्याच फळीवर बसले. मी त्यांना कारखान्यात कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांच्या खिशातली पट्टी खाली पडली. ती उचलायला मी वाकलो तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. मग ते हळू आवाजात बोलले. "मला वाटायचं, एवढ्या लांब नेऊन तुला नीट दिसलं नाही तर? तू कुणाला सांगणारही नाहीस. हसून म्हणशील, दिसलं. आणि मला ते खरं वाटेल."

काकू हसायच्या थांबल्या. मग उठल्या, कठड्याला धरत जिना उतरल्या आणि जेवणाच्या खोलीतून प्लॅनचा तो कागद काढून वर घेऊन आल्या.

"तुमच्या कारखान्यात," त्या म्हणाल्या, "माल मापात नसला तरी कधीकधी पाठवता ना? त्याला काय म्हणता तुम्ही?"

"डेव्हिएशन," मी म्हणालो.

"सही कोण करतं त्यावर?"

साहेबांना उत्तर माहीत होतं. मीच सांगितलं, "गिऱ्हाईक, काकू. गिऱ्हाईकाने लिहून दिलं की चालेल, तर माल जातो. तिथे इन्स्पेक्शनचं काही चालत नाही."

"ह्या मालाचं गिऱ्हाईक कोण हाय?"

त्यांनी माझ्या खिशातला पेन काढला. कागद जीपच्या सीटवर पसरला, डोळे त्याच्या जवळ नेले, लाल चिठ्ठी उपटून टाकली आणि तिरप्या मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मापात नाही. तरी चालेल.' खाली सही केली.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मग खडू खिशात टाकत मला म्हणाले, "कॉलेज रोडचं ऑफिस रविवारी उघडं असतं का बघ."

ते दोघं आफ्रिकेला गेले मागच्या जूनअखेर. मी तोवर सिन्नरच्या एका कारखान्यात मोठ्या जागेवर लागलो होतो आणि वेगळं घर घेतलं होतं. ते परतल्याचं कळल्यावर संध्याकाळी भेटायला गेलो. बॅगा अजून हॉलमध्येच होत्या. साहेबांचं नाक उन्हाने सोललं होतं. काकू पाय वर घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या.

"दिसला का?" मी दारातूनच विचारलं.

"बस आधी," काकू म्हणाल्या. "पहिल्या दिवशी हे जिंकले. चिठ्ठ्या टाकल्या, तर आपल्याला पहिली रांग, उजवं टोक. ह्यांची छाती अशी फुगली! आन गेल्या गेल्या जिराफ आला की रे गाडीला चिकटून. हात लांब केला असता तर लागला असता. सगळे फोटो काढतायत. मला काय दिसावं? तळं आटल्यावर चिखलाला भेगा पडतात ना, तसं नुसतं अंग. वर बघितलं तर मानेचा तुकडा. खाली बघितलं तर एक गुडघा. फुंकणीत मावेचना. हे मला विचारतात, दिसला का? मी ह्यांच्याकडं बघितलं आन म्हणाले, नाय दिसला."

"खरं सांगितलं तिने," साहेब म्हणाले. यात काही कौतुक आहे की दुःख, ते मला कळलं नाही.

"मग?"

"मग सीटा फिरल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही पार मागं, वरच्या रांगेत. ह्यांचं तोंड उतरलेलं. एका पाणवठ्यापाशी गेलो तर पुढं गाड्याच गाड्या. आमची गाडी लय लांब थांबली. लोक कुरकुरायला लागले, पुढं घ्या, पुढं घ्या. आन मी बघते तर झाडातून एक जिराफ निघाला. लांबून. अरे, खुरं दिसली, पाय दिसले, पोट, मान, तोंड, वरची दोन शिंगं. सगळं एकदम! इवलासा, पण अख्खा. मी ओरडले, थांबा, कुणी हलू नका!"

"शांतता नापास," साहेब पुटपुटले.

"डायव्हरला काय कळलं देव जाणे, पण त्यानं इंजिन बंद केलं. हे मला दुर्बीण देत होते. मी म्हटलं, ठेवा तुमची दुर्बीण. मला जवळ नकोच हाय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मी डावं किती, उजवं किती एवढंच मोजत बसलो," ते मला म्हणाले. "लांब किती, हे मोजलंच नाही. नजर अरुंद असेल तर वस्तू लांब पाहिजे. साधी गोष्ट आहे. शाळेतल्या पोरालाही कळेल. जी सीट मी सगळ्यात वाईट म्हणून खोडली होती, तीच बरोबर होती." पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला आपली चूक सांगताना एवढा आनंद झालेला मी प्रथमच पाहत होतो.

"आन मग तो पाणी प्यायला!" काकू पुढे सरकल्या. "त्याला वाकता येत नाय रे सरळ. आधी इकडं बघतो, तिकडं बघतो. मग एक पाय असा बाहेर. मग दुसरा असा. मग..." त्यांनी हात पसरून बघितले, जमेना. "छे, असं नाय कळणार. तुम्ही करून दाखवा हो."

"मी?"

"मग काय मी करू, ह्या गुडघ्यांनी? उठा."

आणि माझे साहेब उठले. इस्त्रीची पॅण्ट थोडी वर ओढली. फरशीवर पाय रोवले. मान ताठ करून आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मग उजवा पाय झटक्याने बाहेर टाकला. थांबले. डावा टाकला. हॉलच्या मधोमध दोन्ही पाय फाकवून ते हळूहळू पुढे वाकायला लागले.

"अजून," काकू म्हणाल्या. "तो काय इतक्यावर थांबला नव्हता."

"अगं, पॅण्ट फाटेल."

"फाटू दे. मान खाली. अजून खाली. जीभ बाहेर काढली होती त्यानं."

साहेबांनी जीभ बाहेर काढली. मी हसू दाबून दाबून रडकुंडीला आलो होतो. पण काकू हसत नव्हत्या. त्या सोफ्यावरून उठल्या होत्या आणि साहेबांकडे टक लावून बघत उलट्या पावलांनी मागे सरकत होत्या. एक पाऊल, आणखी एक. बॅगेला अडखळल्या, मी हात दिला, तो त्यांनी बाजूला केला. सरकत सरकत त्यांची पाठ स्वयंपाकघराच्या दाराला टेकली. तिथे त्या थांबल्या.

"लवकर बघ गं, पाठ भरली," साहेब वाकल्या वाकल्या म्हणाले.

"थांबा," काकू म्हणाल्या. "आता अख्खे दिसताय."